मेंदूचा मुका मार

३१ जानेवारी २०२५. पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी मालिकेतला चौथा सामना सुरू होता. भारताच्या डावातलं शेवटचं षटक जेमी ओव्हर्टन टाकत होता. समोर अर्धशतक झळकावलेला शिवम दुबे. षटकातला पाचवा चेंडू उसळला आणि थेट दुबेच्या हेल्मेटवर आदळला. फिजिओ धावत आले, तपासणी झाली, दुबे उरलेला एक चेंडू खेळला आणि धावचीत होऊन तंबूत परतला. डाव संपल्यावर त्याचं डोकं दुखू लागल्याचं संघाकडून सांगण्यात आलं. तो क्षेत्ररक्षणाला उतरलाच नाही. त्याच्या जागी ‘कन्कशन सब्स्टिट्यूट’ म्हणून हर्षित राणा आला, त्याने तीन बळी टिपले आणि भारताने सामना १५ धावांनी जिंकला.

मग वादाला तोंड फुटलं. अधूनमधून मध्यमगती गोलंदाजी करणाऱ्या फलंदाजाच्या जागी अस्सल वेगवान गोलंदाज कसा काय, असा सवाल इंग्लंडचा कर्णधार जोस बटलरने केला. तो चुकीचा नव्हता. बदली खेळाडू मूळ खेळाडूच्याच प्रकारचा असावा, असं नियमच सांगतो. पुढचे काही दिवस समालोचक, माजी खेळाडू आणि घराघरांतले तज्ज्ञ राणाच्या चार षटकांवर बोलत राहिले. दुबेच्या डोक्यात काय झालं असेल, याची चौकशी मात्र फारशी कुणी केली नाही.

खरं तर तोच प्रश्न मोठा आहे. बोट मोडो, मांडीचा स्नायू फाटो, क्रिकेटने बदली खेळाडूला क्षेत्ररक्षणापलीकडे काही करू दिलं नव्हतं. शतकभराहून जास्त जपलेला हा दंडक आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने १ ऑगस्ट २०१९ पासून एका दुखापतीसाठी मोडला आणि बदली खेळाडूला फलंदाजी-गोलंदाजीची मुभा दिली. ती दुखापत म्हणजे कन्कशन. ना रक्त, ना सूज, ना एक्स-रेवर रेघ. असा हा मेंदूला बसलेला मुका मार एवढा गंभीर का मानायचा, तो ओळखायचा कसा आणि त्यानंतर काय करायचं, हे या प्रकरणात पाहू.

कवटीच्या आत

माणसाचा मेंदू साधारण १.४ किलो वजनाचा आणि लोण्यासारखा मऊ असतो. कवटीच्या आत तो एका द्रवात तरंगत असतो. चालताना, पळताना, उड्या मारताना बसणारे रोजचे हादरे हा द्रव झेलतो. पण डोकं फार वेगाने हललं किंवा धावता धावता एकदम थांबलं, तर द्रवाचं काही चालत नाही. भरधाव एसटीने कचकन ब्रेक मारल्यावर उभ्या प्रवाशांचं जे होतं, तेच कवटीतल्या मेंदूचं होतं. गाडी थांबते, आतले पुढे जातात.

सरळ रेषेतल्या धक्क्यापेक्षा पिळवटणारा धक्का जास्त वाईट. जबड्यावर ठोसा बसला किंवा डोक्याला एका बाजूने मार लागला, की मान गर्रकन वळते आणि मेंदूच्या थरांना पीळ बसतो. मेंदूच्या पेशींना एकमेकींशी जोडणारे लांबलचक, केसाहून बारीक तंतू त्यात ताणले जातात. त्यासाठी डोक्यालाच मार लागायला हवा असंही नाही. छातीवर किंवा खांद्यावर जोरदार धडक बसून डोकं झटक्याने मागे-पुढे झालं, तरी हेच घडतं.

तंतू ताणले की पेशींच्या आवरणातली दारं अवेळी उघडतात. आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा बसवण्यासाठी पेशींना ऊर्जा लागते, तीही नेहमीपेक्षा जास्त. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला, अशा या तंगीच्या काळात मेंदू काम करतो, पण रडतखडत. म्हणून डोकं जड होतं, प्रकाश नकोसा वाटतो, साधा हिशेब जमत नाही, आणि वाचलेली ओळ लगेच विसरायला होते.

सीटी स्कॅन आणि एमआरआय बहुतेक वेळा स्वच्छ का येतात, याचंही उत्तर यातच आहे. मेंदूची रचना जागच्या जागी असते, बिघडलेलं असतं ते त्याचं काम. स्कॅन मुख्यतः रक्तस्राव झालेला नाही ना, हाड मोडलेलं नाही ना, हे पाहण्यासाठी करतात. ‘स्कॅन नॉर्मल आहे, उद्यापासून सरावाला ये’ असं म्हणणारा प्रशिक्षक त्या अहवालातून नसलेला अर्थ काढत असतो.

ओळखायचं कसं?

सर्वांत पसरलेला गैरसमज म्हणजे खेळाडू बेशुद्ध पडला नाही, तर कन्कशन झालं नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. कन्कशन झालेले बहुसंख्य खेळाडू क्षणभरही बेशुद्ध होत नाहीत. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला बारीकसारीक खुणा टिपाव्या लागतात. पडल्यावर तो हालचाल न करता पडून राहिला का? उठायला वेळ लावला का? उठल्यावर पाय लटपटले का? दोन्ही हातांनी डोकं धरून बसला का? नजर हरवल्यासारखी झाली का? कबड्डीत आपल्या बाजूला परतायचं सोडून तो भलत्याच दिशेला निघाला का? फुटबॉलमध्ये ठरलेली जागा सोडून दुसरीकडेच उभा राहिला का?

खेळाडूला स्वतःला जाणवतात ती लक्षणं अशी: डोकेदुखी, डोक्यात दाब, भोवळ, मळमळ, अंधूक दिसणं, उजेड आणि आवाज सहन न होणं, सगळं धुक्यातून चालल्यासारखं वाटणं, काही सुचेनासं होणं. काहींना विनाकारण रडू येतं, काही चिडचिडे होतात. लहान मुलांना हे शब्दांत सांगता येत नाही. एरवी बडबड करणारं मूल गप्प झालं, जेवण नको म्हणू लागलं, अवेळी झोपू लागलं किंवा आवडत्या खेळाकडे फिरकेनासं झालं, तर आईवडिलांनी डोक्याला काही लागलंय का, हे आधी विचारावं. लक्षणं लगेच दिसतील असंही नाही. ती काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही डोकं वर काढतात.

मैदानावर विचारायचे काही प्रश्न ठरलेले आहेत. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात डेव्हिड मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी ते तयार केले, म्हणून त्यांना ‘मॅडॉक्स प्रश्न’ म्हणतात. आपण आत्ता कोणत्या मैदानावर आहोत? सामन्याचा कितवा भाग सुरू आहे? शेवटचा गुण कुणी मिळवला? मागचा सामना कुणाशी होता? तो आपण जिंकलो का? ‘तुझं नाव काय’ आणि ‘ही बोटं किती’ यांपेक्षा हे प्रश्न कितीतरी उपयोगाचे. मार बसलेल्या मेंदूला नाव आठवतं, नुकतंच घडलेलं आठवत नाही. क्रिकेटमध्ये हेच विचारता येईल: शेवटची विकेट कुणाची पडली? आधीचं षटक कुणी टाकलं?

उत्तर चुकलं तर खेळाडूला बाहेर काढायचं. पण सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून त्याला परत आत पाठवायचं नाही. ही चाचणी एकाच दिशेने चालते.

खेळाडूला विचारू नका

१३ जुलै २०१४ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर जर्मनी आणि अर्जेंटिना विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भिडले होते. सतराव्या मिनिटाला जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरचं डोकं अर्जेंटिनाच्या गॅरायवर जोरात आदळलं. उपचार झाले आणि क्रामर पुन्हा खेळू लागला. थोड्या वेळाने तो इटालियन पंच निकोला रिझोली यांच्याकडे गेला आणि हाच अंतिम सामना आहे का, असं त्याने विचारलं. तो थट्टा करतोय, असं रिझोलींना आधी वाटलं. पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा त्यांनी जर्मनीच्या श्वाइनस्टायगरला सांगितलं आणि एकतिसाव्या मिनिटाला क्रामरला बाहेर काढलं गेलं. जगातला सर्वांत मोठा फुटबॉल सामना तो सुमारे चौदा मिनिटं हरवलेल्या मेंदूने खेळला. मैदानाच्या कडेला दोन्ही संघांचे डॉक्टर बसलेले असताना.

पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, लॉर्ड्सवर ॲशेसचा दुसरा कसोटी सामना होता. जोफ्रा आर्चरचा ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेगाचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, डाव्या कानाखाली लागला आणि तो कोसळला. त्या वेळी तो ८० धावांवर होता. तपासण्यांमध्ये तो उत्तीर्ण झाला, साधारण पाऊण तासाने फलंदाजीला परतला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर त्याला डोकेदुखी आणि सुस्ती जाणवू लागली. तेव्हा संघाने त्याला सामन्यातून काढलं. मार्नस लाबुशेन हा कसोटी इतिहासातला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला आणि स्मिथला पुढच्या कसोटीलाही मुकावं लागलं.

दोन्ही घटनांचा धडा सारखाच आहे. गुडघा दुखावला, तर तो किती दुखतोय हे खेळाडू नीट सांगू शकतो, कारण सांगणारा मेंदू शाबूत असतो. कन्कशनमध्ये सांगणाराच जखमी असतो. ‘मी ठीक आहे’ हे त्याचं वाक्य म्हणजे दुखावलेल्या अवयवाने स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र. त्यात संघातली जागा जाण्याची भीती, निवड समितीची नजर, आणि ‘एवढ्याशा माराने बसलास?’ असं विचारणारे मित्र यांची भर पडते. म्हणून कन्कशनच्या बाबतीत खेळाडूच्या मताला किंमत द्यायची नाही. निर्णय इतरांनी घ्यायचा. पंच, प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, सहकारी, पालक, ज्याच्या लक्षात येईल त्याने.

स्कॉटलंडने २०१५ मध्ये सर्व खेळांना मिळून एकच नियमावली दिली. तिचं सार एवढंच: शंका आली, की बाहेर बसवा. निदान नंतर होईल. आपल्याकडच्या शालेय सामन्यांत डॉक्टर नसतो, म्हणून तर हा नियम आपल्यासाठी जास्त कामाचा. शंका यायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

थेट रुग्णालयात कधी?

रमण लांबा भारताकडून कसोटी आणि एकदिवसीय क्रिकेट खेळलेला फलंदाज. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात क्लब सामन्यात तो अबाहनी संघाकडून फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभा होता. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, म्हणून त्याने हेल्मेट मागवलं नाही. मेहराब हुसेनने मारलेला फटका त्याच्या डोक्यावर इतक्या जोरात लागला, की उडालेला चेंडू यष्टिरक्षकाने झेलला. लांबा स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. काही वेळातच त्याची प्रकृती ढासळली. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया होऊनही २३ फेब्रुवारीला तो गेला.

मार लागल्यावर माणूस चालतो, बोलतो, म्हणून तो धोक्याबाहेर आहे, असं समजू नये. कवटीत रक्त साचत असेल, तर सुरुवातीचा काही काळ फसवा असतो. हे कन्कशन नव्हे, त्याहून भयंकर काही असतं. पण सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर घरगुती उपाय न करता रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे.

- शुद्ध हरपणं, किंवा शुद्ध हळूहळू कमी होत जाणं
- वाढत जाणारी, असह्य डोकेदुखी
- पुन्हा पुन्हा उलटी
- आकडी
- हातापायांत अशक्तपणा, मुंग्या किंवा आग
- एकाच्या दोन वस्तू दिसणं
- मान दुखणं किंवा दाबल्यावर कळ येणं
- वाढत जाणारा गोंधळ, अस्वस्थता, आक्रमकपणा

मानेला लागल्याची शंका असेल, तर खेळाडूला उचलून कडेला आणू नये. चार जणांनी हात-पाय धरून उचलणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार मणक्याला धोक्याचा ठरू शकतो. श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेटही ओढून काढू नये. कांदा हुंगवणं, तोंडावर पाण्याचे हबके मारणं, गालावर चापट्या मारून ‘ऊठ’ म्हणणं यातलं काहीही उपयोगाचं नाही.

नरी कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट जुन्या पिढीला ठाऊक असेल. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या या कर्णधाराच्या डोक्याला लागला आणि कवटीला तडा गेला. तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसेच आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगरही. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. २०१४ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियन फलंदाज फिल ह्यूजचा मृत्यू झाला, तेव्हा चेंडू हेल्मेटच्या खाली मानेला लागून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फुटली होती. तेही कन्कशन नव्हतं. पण क्रिकेटजगत डोक्याच्या माराकडे गांभीर्याने पाहू लागलं, ते त्या मृत्यूनंतर.

दुसरा घाव

पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर काय होतं? वर पाहिलेल्या ऊर्जेच्या तंगीतून मेंदू अजून सावरलेला नसतो. अशा वेळी किरकोळ धक्क्यानेही, विशेषतः किशोरवयीन मुलांत, मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेकदा जीव घेतं किंवा जन्माचं अपंगत्व देतं. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शालेय रग्बी सामन्यात एकापाठोपाठ मार बसूनही खेळत राहिलेला चौदा वर्षांचा मुलगा असाच दगावला.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्यावर आपटला. थोडा वेळ बाहेर बसून तो पुन्हा खेळायला उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. तो वाचला, पण पुन्हा बोलायला-चालायला शिकण्यात त्याची वर्षं गेली. त्याच्या नावाने २००९ मध्ये त्या राज्याने कायदा केला. त्यात तीन साध्या अटी होत्या: खेळाडू आणि पालकांना दरवर्षी माहिती द्यायची, शंका येताच मुलाला बाहेर काढायचं, आणि आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. पाच वर्षांच्या आत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी असे कायदे केले.

दुसरा मार बसला नाही, तरी खेळत राहण्याची किंमत मोजावीच लागते. कन्कशन झाल्यावर लगेच बाहेर पडलेल्या किशोरवयीन खेळाडूंच्या तुलनेत खेळत राहिलेल्यांना बरं व्हायला सुमारे दुप्पट वेळ लागल्याचं २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. दहा मिनिटांचा खेळ वाचवायला जावं, आणि महिना गमवावा, असा हा व्यवहार आहे.

विश्रांती किती, व्यायाम कधी?

पूर्वी डॉक्टर सांगत, अंधाऱ्या खोलीत पडून राहा, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत काही करू नका. आता तो सल्ला मागे पडला आहे. या विषयातले जगभरातले तज्ज्ञ २००१ पासून दर काही वर्षांनी एकत्र येतात. त्यांची सहावी परिषद २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झाली आणि तिच्या शिफारशी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या मते कडक विश्रांतीने फायदा नाही, उलट बरं होणं लांबतं.

आजची पद्धत अशी. पहिले २४ ते ४८ तास थोडक्यात आवरायचं. घरातली हलकी कामं, अंगणात फेरी चालेल, पण मोबाइल, टीव्ही, संगणक जेमतेम. पहिले काही तास खेळाडूला एकटं सोडायचं नाही. वाहन चालवायचं नाही, दारू घ्यायची नाही. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, कारण आत रक्तस्राव असेल तर त्या तो वाढवू शकतात. डॉक्टरांनी तपासून धोका नाही असं सांगितलं असेल, तर झोपायला हरकत नाही. तासातासाला उठवून जागं करत बसायची गरज नाही.

त्यानंतर सहा पायऱ्या. पहिली, रोजचे व्यवहार. दुसरी, चालणं किंवा एका जागी सायकल, आधी हलकी, मग थोडी जोराची. तिसरी, आपल्या खेळाचे एकट्याने करायचे व्यायाम, म्हणजे पळणं, वळणं, झेल. चौथी, संघासोबत पण अंगाला अंग न भिडणारा सराव. पाचवी, पूर्ण सराव. सहावी, सामना. प्रत्येक पायरीवर किमान २४ तास. व्यायामाने डोकं किंचित दुखलं आणि तासाभरात थांबलं, तर काळजी नको. जास्त दुखलं, तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. चौथ्या पायरीआधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी. बहुतेक खेळाडू महिन्याभरात पूर्ववत होतात. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

तज्ज्ञ डॉक्टर हाताशी नसेल तर? ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी आणि शालेय खेळांसाठी सरळ दिवस ठरवून दिले. मार लागल्यापासून २१ दिवसांच्या आत सामना नाहीच, आणि डोक्याला लागू शकेल असा सराव लक्षणं जाऊन १४ दिवस झाल्याशिवाय नाही. आपल्या तालुक्याच्या गावातल्या शाळेलाही हा नियम खर्चाविना पाळता येईल.

विद्यार्थी असेल तर आधी वर्ग, मग मैदान. डोकं दुखावलेल्या मुलाला फळ्यावरचं लिहून घेणं, मोठ्याने चालणारा वर्ग, सलग दोन तासांचा पेपर या गोष्टी जड जातात. काही दिवस अर्धवेळ शाळा, गृहपाठात सवलत, चाचणी पुढे ढकलणं एवढं शिक्षकांनी करावं. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या मुलाला कुणी कवायतीला उभं करत नाही.

मार साचत जातो

१९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञाने मुष्टियोद्ध्यांविषयी एक निबंध लिहिला. वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेले हे लोक दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, अडखळत बोलतात, पुढे त्यांची बुद्धी मंदावते, हे त्यांनी नोंदवलं. बराच काळ हा आजार फक्त बॉक्सिंगचा मानला गेला. २००२ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधला नामांकित खेळाडू माइक वेबस्टर पन्नासाव्या वर्षी वारला. पिट्सबर्गमध्ये त्याचा मेंदू तपासताना नायजेरियात जन्मलेल्या डॉ. बेनेट ओमालू यांना त्यात टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी सापडल्या. या आजाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई म्हणतात. खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. एकदा कन्कशन झालेल्याने सीटीईच्या धास्तीने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. वर्षानुवर्षं वारंवार बसणाऱ्या माराशी त्याचा संबंध आहे, आणि त्यात लक्षणं न दाखवणारे छोटे धक्केही मोजले जातात.

फुटबॉलमध्ये डोक्याने चेंडू मारणं हा असाच धक्का. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मरण पावण्याचं प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीनपट होतं. हृदयविकाराने मरण पावण्याचं मात्र कमी होतं. खेळाने शरीर जपलं, मेंदू दुखावला.

क्रिकेटमधलं ताजं नाव विल पुकोव्हस्की. २०२१ मध्ये सिडनीला भारताविरुद्धच्या कसोटी पदार्पणात त्याने ६२ धावा केल्या. ऑस्ट्रेलियाचा पुढचा मोठा फलंदाज म्हणून त्याच्याकडे पाहिलं जायचं. पण पुन्हा पुन्हा झालेल्या कन्कशनमुळे २०२५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. कसोटी तो तेवढी एकच खेळला.

टाळता येतं का?

पूर्णपणे नाही, पण बरंचसं येतं. आधी हेल्मेटविषयी. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, चेहरा वाचवतं, ते घालायलाच हवं. पण आतला मेंदू हलायचा थांबवणं त्याच्या हाती नाही. दुबेच्या डोक्यावर हेल्मेट होतं. चेंडू जाळी आणि छज्जा यांच्यामधून आत घुसणार नाही, अशी चाचणी असलेलं ब्रिटिश मानक २०१३ चं आहे, त्यानुसार बनवलेलंच हेल्मेट घ्यावं. एकदा जोरात मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं, तरी बदलावं. अकादमीच्या किटबॅगेत वर्षानुवर्षं फिरणारं, सैल पट्ट्याचं सामायिक हेल्मेट मुलाला सुरक्षित असल्याचा भ्रम तेवढा देतं. फलंदाजाच्या जवळ उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं ते जून २०२३ मध्ये, लांबा गेल्यावर पंचवीस वर्षांनी.

बॉक्सिंगचा अनुभव आणखी बोलका. डोक्यावरचं गादीदार आवरण कन्कशन रोखतं असा भरवसा नसल्याने पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून ते २०१३ मध्ये काढलं गेलं आणि रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष मुष्टियोद्धे उघड्या डोक्याने लढले.

साधनांपेक्षा नियम जास्त वाचवतात. मुलांच्या आइस हॉकीत अंगाने धडक देण्यावर बंदी घातल्यावर कन्कशनचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला मनाई केली. इंग्लंडने २०२३ पासून हौशी रग्बीत टॅकलची उंची छातीखाली आणली. रग्बीतच मान आणि धड बळकट करणारा, तोल सुधारणारा सरावापूर्वीचा व्यायाम नियमित केल्याने कन्कशन बरंच घटल्याचं दिसलं आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

आपल्या मातीतल्या खेळांकडे याच नजरेने पाहायला हवं. कबड्डीत मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या चढाईपटूचं डोकं पकड करणाऱ्याच्या गुडघ्यावर आपटतं. खो-खोत सूर मारणाऱ्याचं डोकं खांबाजवळून जातं. मुंबईच्या आझाद मैदानावर एकमेकांत घुसलेल्या खेळपट्ट्यांवर अनेक सामने एकदम चालतात आणि शेजारच्या सामन्यातला चेंडू पाठीमागून येतो. दहीहंडीला राज्य सरकारने २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा दिला. मग थरावरून डोक्यावर पडलेल्या गोविंदाला पाणी पाजून पुढच्या हंडीच्या ट्रकमध्ये बसवणं हेही थांबलं पाहिजे. खेळ म्हटला, की खेळाचे नियम लागू.

हे करायला मोठं क्रीडासंकुल लागत नाही. प्रत्येक शाळेने आणि मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. धोक्याच्या खुणांची यादी जवळच्या रुग्णालयाच्या क्रमांकासह मैदानावर लावावी. डोक्याला लागलेल्या खेळाडूला त्या दिवशी परत खेळवायचं नाही, हा ठराव करून तो सामन्याआधी दोन्ही संघांना सांगावा. आणि परतण्याचा निर्णय खेळाडू, कर्णधार किंवा प्रशिक्षकावर न सोपवता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सोपवावा. तुम्ही पालक असाल, तर मुलाच्या प्रशिक्षकाला या आठवड्यात एवढंच विचारा: माझ्या मुलाच्या डोक्याला लागलं, तर तुम्ही काय कराल? ‘त्यालाच विचारू’ असं उत्तर आलं, तर हे प्रकरण त्यांना वाचायला द्या.